प्याल्यातली हवा

दिग्रस, १२ नोव्हेंबर २००५

चि. साधना हिस देवदादाचा सप्रेम जयभीम.

पत्रास कारण की, तुझ्या पदार्थविज्ञानाविरुद्ध मला रीतसर फिर्याद गुदरायची आहे. फिर्यादी : देवराव, वय बावन्न, हायस्कुलात संस्कृतचा शिक्षक, टक्कल संपूर्ण. आरोपी : एक प्लास्टिकचा प्याला, जो माझी सख्खी चुलतबहीण दिवाळीच्या सुटीत माझ्या पुढच्या खोलीत दोऱ्याने टांगून नागपूरला पसार झाली. तू म्हणाली होतीस, भिंतीपासून लांब हवा, छतापासून लांब हवा, आणि तीन महिने कुणी हात लावायचा नाही. हात कुणी लावत नाही. टाळूबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस. मी चहाला उठलो की तो टाळूवर टिचकी मारतो, चहा पिऊन परतलो की पुन्हा मारतो. स्पर्श हलका आहे, अपमान जड आहे.

शेजारच्या इंदुताई विचारत होत्या, डास पकडायचं आहे का म्हणून. मी त्यांना घटाकाश आणि मठाकाश समजावून सांगितलं : मडक्यातलं आकाश आणि घरातलं आकाश एकच, तेव्हा प्याल्यातल्या हवेवरून घरातल्या हवेचं अनुमान काढायचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे डासाचंच ना?"

तू निघताना घाईत जे सांगितलंस ते मला समजलं ते असं. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. त्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही, पण तो सर्वत्र आहे. बाई गं, हे वर्णन ब्रह्माचं म्हणून मी पोरांना शिकवतो, आणि आपल्या घरात ब्रह्माला छप्पन सालापासून बंदी आहे. बाबांनी मला संस्कृत शिकवलं तेच मुळी, जे ऐकायची आपल्याला मनाई होती ते चार लोकांना मोठ्याने ऐकवावं म्हणून. आता तोच गडी फरशीच्या भेगेतून मागच्या दाराने आला म्हणायचा.

न्यायशास्त्र म्हणतं, डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे. तुझं शास्त्र म्हणतं, धूर नाही, वास नाही, तरी अग्नी असू शकतो. मग आहे की नाही, ते एकदाचं सांग. तुम्हा शास्त्रज्ञांचं त्यावर एकमत नाही असं ऐकतो. एकमत नसलं की मला बरं वाटतं.

स्वयंपाकघरासाठी दिलेला दुसरा प्याला सांगितल्याप्रमाणे टांगला आहे.

तुझी जया वहिनी बरी आहे. तिला जरा कोरडा खोकला आहे, पण तो तुझ्या घरोघरच्या रेडॉनच्या सर्वेक्षणात येत नाही. फिर्यादीवर तिचं मत : "कायले एवढं लिहून राह्यले? टोपी घाला."

तुझा,
देवदादा

•

नागपूर, २४ नोव्हेंबर २००५

देवदादा, जयभीम.

फिर्याद फेटाळली आहे. वहिनीचा निकाल कायम.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. खाणीत खोलवर काम करणाऱ्यांना रेडॉनने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, ह्यावर भांडण नाही. भांडण आपल्यासारख्यांच्या घरांचं आहे, जिथे तो अगदी थोडा असतो. एक पक्ष म्हणतो, धोका सरळ रेषेत उतरतो : वायू थोडा तर धोका थोडा, पण शून्य कधीच नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांचे अभ्यास एकत्र करून यंदाच एक निबंध आला आहे, तो ह्या बाजूचा. दुसरा पक्ष म्हणतो, एका पातळीच्या खाली शरीर आपली दुरुस्ती करून घेतं, उगाच लोकांना घाबरवू नका. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकांनी तर जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे मांडून दाखवलं, की जिथे रेडॉन जास्त तिथे हा कॅन्सर कमी! त्यावर पहिला पक्ष म्हणतो, जिल्ह्याच्या सरासरीला फुफ्फुसं नसतात, माणसाला असतात. कुठल्या जिल्ह्यात किती लोक सिगारेट ओढतात ह्याने सगळं चित्र उलटं दिसू शकतं. तंबाखूचा धूर आणि रेडॉन एकत्र आले की मात्र धोका कितीतरी पट, हे पहिला पक्ष ठासून सांगतो. तू ओढत नाहीस, तेव्हा तुला तेवढी सूट.

आपल्याकडचा दगड काळा, त्यात युरेनियम कमी. तुझ्या घरात फार काही निघेल असं वाटत नाही. पण कमी असलेली घरंही मोजावी लागतात, नाहीतर हा वाद मिटायचा कसा?

आता महत्त्वाचं. वहिनीचा खोकला सर्वेक्षणात येत नसेल, माझ्या पत्रात येतो. दिवाळीत मी आले होते तेव्हाही ती खोकत होती. कधीपासून आहे? डॉक्टरला दाखवलंस?

साधना

•

दिग्रस, १८ डिसेंबर २००५

चि. साधना, सप्रेम जयभीम.

टाळूचा प्रश्न मिटला आहे. माझ्या पुढच्या खोलीत आता मीच मावत नाही, तर टाळू कुठून मावणार?

झालं असं, की जयाचे बंधू धम्मदीप महागावकडून ट्रॅक्टरभर कापूस घेऊन आले. त्यांचा सिद्धान्त असा : भाव सकाळी चढतो आणि संध्याकाळी उतरतो, गावाहून येईस्तोवर तो उतरलेला असतो. तेव्हा कापूस बाजाराच्या उंबरठ्यावर हवा. दिग्रसच्या बाजाराचा उंबरठा म्हणजे माझी बैठक. "भाऊजी, फकस्त आठ दिवस. भाव येते म्हंजे येतेच." भाव येण्यावर त्यांची जी श्रद्धा आहे ती मी कुठल्याही भक्तात पाहिली नाही. खुर्ची, टेबल आणि माझी पुस्तकं मधल्या खोलीत आली. पुढच्या खोलीत खालपासून वरपर्यंत कापूस. ठिणगी पडू नये म्हणून खिडक्या बंद. तुझा प्याला त्यात समाधिस्थ आहे. त्याचा दोरा मात्र वर दिसतो, म्हणून मी अधूनमधून दार किलकिलं करून दर्शन घेतो.

तुझ्या त्या प्राध्यापकांच्या सरासरीचा मला आता चांगलाच अर्थ लागला. इंदुताईंच्या घरी कापसाचं एक बोंड नाही, माझ्या घरी खोलीभर आहे. सरासरी काढलीस तर आम्ही दोघंही अर्ध्या अर्ध्या खोलीत ऐसपैस बसलो आहोत. ये एकदा बघायला.

हा वाद मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नेला. आमचे विज्ञानाचे बबनराव दुसऱ्या पक्षाचे निघाले. म्हणतात, परदेशात लोक पैसे देऊन रेडॉनच्या गुहेत जाऊन बसतात, सांधे मोकळे होतात म्हणून. "देवरावजी, तुमाले घरबसल्या फुकट भेटून राह्यलं, अन् तुमी रडता!" मी पहिला पक्ष घेतला. विष अल्प झालं म्हणून अमृत होत नाही, असं मी म्हणालो. तास बुडाला. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजू बदलून पुन्हा भांडलो आणि मला दुसराही पक्ष तितकाच पटला. अशा वादाला संस्कृतात काकदंतपरीक्षा म्हणतात, म्हणजे कावळ्याला दात किती ते मोजणे. पण फार दिवसांनी मजा आली. मोजत राहावं, असं वाटलं.

जया ठीक. खोकल्याबद्दल विचारलंस म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "मले कापसाचा ठसका हाय. तुमच्या त्या वायूचा नाही." कापूस यायच्या आधी कशाचा होता, हे मी विचारलं नाही. परवा विहारात बायांचं गाणं होतं. पहिला आवाज नेहमी तिचाच असतो, तुला माहीतच आहे. ह्या वेळी ती मागे बसली. म्हणाली, नव्या पोरींनाही संधी द्यावी. उदारमतवादी आहे.

देवदादा

•

नागपूर, २७ डिसेंबर २००५

देवदादा,

कापसात पुरलेला प्याला कापसाची हवा मोजेल, घराची नाही. तो आता कामातून गेला असं धर. दुसरा प्याला स्वयंपाकघरात आहे ना? तो तरी नीट सांभाळ.

खिडक्या बंद ठेवू नकोस. ह्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे, आणि तुला एकमत आवडत नाही हे मला माहीत आहे.

तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्यात प्राध्यापक आले, बबनराव आले, कावळा आला. मी विचारलं होतं ते दोनच प्रश्न. त्यांचं उत्तर नाही.

तुझ्याच न्यायशास्त्राने विचारते, दादा. धूर दिसत नसताना अग्नी शोधायला तू इतका उत्साही आहेस. घरात जो धूर तुला रोज ऐकू येतो, त्याचं काय? वहिनीला यवतमाळला ने. छातीचा फोटो काढायला सकाळ पुरते.

साधना

•

दिग्रस, २२ जानेवारी २००६

चि. साधना, जयभीम.

प्याला हरवला, सापडला आणि अटक झाला, ह्या क्रमाने सांगतो.

मंगळवारी मी शाळेत असताना भाव आला. म्हणजे धम्मदीपना तसं कोणीतरी सांगितलं. त्यांनी चार माणसं आणि ट्रॅक्टर आणला, पुढची खोली उपसली आणि सगळा कापूस सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगला, नेऊन घातला. त्यात तुझा प्याला, दोऱ्यासकट. मी घरी आलो तर खोली मोकळी, छताला नुसता खिळा, आणि जया झाडून राहिलेली. "तुमचा देव गेला हो कापसासंग," म्हणाली.

तसाच सायकलवर निघालो. जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर. मी एका डोंगराशी उभा राहून दोरा शोधतोय, तेवढ्यात व्यापारी फुलचंदशेठ आले. त्यांच्या हातात माझा प्याला. चेहरा असा, की जणू कापसात विंचू सापडला. कापसात प्लास्टिक सापडणं हा त्यांच्याकडे मोठा गुन्हा, कारण ते पुढे सुतात उतरतं. "गुरुजी, तुमी बी?" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर भेसळीचा आरोप आला, आणि तो हवेच्या भेसळीचा नव्हता.

मी खुलासा केला. जमिनीतला वायू, प्याला, प्याल्यातली पट्टी, पट्टीवर उमटणारे ओरखडे, नागपूरची बहीण. भोवती माणसं जमली. सगळं ऐकून फुलचंदशेठ म्हणाले, "म्हंजे हे हवा मोजते? मग आमच्याच इथं टांगा ना गुरुजी. तुमच्या घरची हवा दिसत नाही म्हनता. इथं तं बसल्या बसल्या दिसते!" वर पाहिलं तर खरंच, यंत्राच्या दारातून येणाऱ्या उन्हात तंतू असे तरंगत होते, की हाताने बाजूला सारावेत. सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता दोघातिघांना ठसका लागला, आणि कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही, इतकी ती तिथली रोजची गोष्ट.

प्याला फुलचंदशेठनी नमुना म्हणून ठेवून घेतला होता, तो विनवण्या करून सोडवला. सोबत पाठवतो आहे. धम्मदीप संध्याकाळी रिकामा ट्रॅक्टर घेऊन आले. भाव त्यांच्या ट्रॅक्टरपेक्षा आधी निघून गेला होता. जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन दिवस आधी नेतो."

खोली मोकळी आहे, खिडक्या उघड्या आहेत. आता कापसाचा ठसका जाईल. थोडे दिवस लागतील.

यवतमाळचं पाहतो. परीक्षा जवळ आल्या आहेत.

देवदादा

•

दिग्रस, ६ फेब्रुवारी २००६

साधनाताई, जयभीम.

तुमच्या वहिनीचं पत्र पाहून नवल वाटन. हे शाळेत गेले म्हनून लिहून राह्यली. ह्यांच्यासारखं मले लिहिता येत नाही, समजून घ्या.

तुमी दुसरा पेला सैपाकघरात टांगा म्हनलं होतं. तो तिथं नाही. पहिल्या दिवसापासून तो माह्या खाटीवर टांगला हाय, बरोब्बर उशीच्या वर. मी इचारलं, काहून? तं म्हने साधनानंच सांगितलं. मले तवाच समजलं का खोटं हाय, पन मी काही बोलली नाही. रोज शाळेतून आले का आधी त्या पेल्याकडे पाह्यतात, मंग माह्याकडे.

कापूस गेला, खोकला राह्यला. विहारात गानं म्हनताना दम पुरत नाही. बाया म्हनतात, जया, तू नुसत्या टाळ्या वाजव. म्या वाजवल्या. घरी येऊन ह्यांना सांगितलं नाही, पन त्यांना कसं तं समजलं. त्या दिवशी जेवले नाही, म्हने बबनरावसंग भजी खाल्ली. बबनरावची बायको सांगत होती का तो तं गावालेच गेलता.

मी यवतमाळले जायाले तयार हाय. मले भेव नाही. पन ह्यांना घेऊन जायाचं म्हंजे मले दवाखान्यात माहं पाहू का ह्यांना धरू, सांगा बरं. रोज एकच इचारतात, साधनाचा कागद आला का. त्या कागदात काय यावं असं ह्यांना वाटते, ते मले समजत नाही. तुमाले समजलं तं तुमी सांगा.

पेला आज काढून तुमच्या पत्त्यावर टाकते. तीन महिने झाले.

हे पत्र आलं ते ह्यांना सांगू नका.

तुमची,
जया वहिनी

•

नागपूर, २६ फेब्रुवारी २००६

देवदादा, जयभीम.

दोन्ही प्याले मिळाले. पहिल्याच्या पट्टीवर सगळा जिनिंगचा इतिहास आहे, तो बाद केला. दुसऱ्याची पट्टी रसायनात धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी स्वतः ओरखडे मोजले. एकदा मोजून भरवसा वाटेना म्हणून पुन्हा मोजले.

तुझ्या घरात रेडॉन अगदी कमी आहे. माझ्या सगळ्या घरांत जे सर्वांत खालचे, त्यांतलं एक तुझं. शून्य नाही, शून्य कुठेच नसतं. पण इतका कमी, की जे लोक थोड्यालाही धोका म्हणतात ते आणि जे थोड्याला काहीच म्हणत नाहीत ते, दोन्ही पक्ष तुझ्या बैठकीत शेजारी बसून चहा पितील आणि भांडण उद्यावर ढकलतील.

प्याला कुठे टांगला होतास ते मला माहीत आहे. पट्टीवरून कळलं असं समज. नियमाप्रमाणे मी रागवायला हवं. रागावले नाही.

आता माझ्याकडे तुला पुरवायला वाद उरला नाही, दादा. वहिनीचा खोकला ह्या वायूचा नाही. कापसाचाही नाही, कापूस जाऊन महिना झाला. कशाचा आहे ते पाहायला हवं, आणि ते प्याल्याने पाहता येत नाही. सोमवारी, ६ मार्चला, मी यवतमाळला येते. माझी एक मैत्रीण तिथे छातीची डॉक्टर आहे, तिला सांगून ठेवलं आहे. तुम्ही दोघं सकाळच्या एस.टी.ने या. मी स्टँडवर उभी असेन.

साधना

•

दिग्रस, २ मार्च २००६

चि. साधना, सप्रेम जयभीम.

तुझा कागद मिळाला. बबनरावांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पाहा, मी म्हनत होतो, काही नाही." स्टाफरूममध्ये पेढे मागितले. मी दिले. आमच्या घराच्या हवेला जिल्ह्यात इतके चांगले गुण मिळाले म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

शिवाय पट्टीवरून प्याल्याची जागा कळते, हे तुझ्या शास्त्रातलं नवीन दिसतं. ती पट्टी वऱ्हाडीत बोलते की काय, असं मी जयाला विचारलं. ती भाकर थापत होती, वर पाहिलं नाही.

ह्याच्यापुढे मी सभा, वाद, सिद्धान्त असं काहीतरी लिहायला बसलो होतो. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.

साधना, आकडा कमी आला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला तो मोठा हवा होता. लोकांना ऐकून विचित्र वाटेल, पण तू मोजणारी आहेस, तुला सांगतो. आकडा मोठा आला असता तर मी फरशीच्या भेगा बुजवल्या असत्या, खिडकी मोठी पाडली असती, खाट ओसरीत नेली असती. काहीतरी हाताने करता आलं असतं. खोकला घराचा ठरला असता. घर मला दुरुस्त करता येतं.

म्हणून तिच्या उशीवर टांगला होता. आणि म्हणून भांडत बसलो. जोवर पंडितांचं ठरत नव्हतं तोवर मलाही काही ठरवायचं नव्हतं. आता तुझं ठरलं.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो. जयाची पिशवी कालच भरून झाली आहे, त्यात माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू आहेत, म्हणजे मी तिथे बसून काहीतरी खात राहावं. पुढच्या खोलीत आता काही टांगलेलं नाही, तरी चहाला उठताना परवापर्यंत मी तिथे मान वाकवायचो. ती पाहायची आणि हसायची, आणि हसली की खोकायची. म्हणून हल्ली मी मान वाकवत नाही.

मला फार भीती वाटते गं. स्टँडवर लवकर ये.

देवदादा